तीन पाण्यांनी धुतलेले उडीद

दाभोशाजवळचा पाडा, जव्हार संस्थान
११ मे १९१२

रघू,

रामराम. तुझी बहीण सुकी चुलीपुढे बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे. चौथी शिकलेला नवरा केला त्याचा एवढाच उपयोग झाला, असं तिचं म्हणणं. पहिलं वाक्य तिचं घे : "त्याला इचारा, तठं पुण्यात नागलीची भाकर भेटते का नाय." आता माझं ऐक.

यंदा जंगलखात्याचे लोक राबासाठी रानातला फाटा तोडू देत नाहीत. वाफ्यावर फांद्या-पाला जाळून राब भाजल्याशिवाय आपल्याकडे रोप धरत नाही, हे तुला काय सांगायचं. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. तोड सुकीनं काढली. ओढ्याच्या वरच्या अंगाला शेठची लाकडाची वखार सुरू झाली आहे. शेठ म्हणजे तेच, ज्यांच्या चिठ्ठीवर तुला रसायनशाळेत जागा मिळाली. तिथं हलक्या लाकडाचे ओंडके मोठाल्या कढयांत काकवी आणि कसली तरी पांढरी भुकटी घालून उकळतात, मग म्हणे त्यांना वाळवी लागत नाही. उकळलेले ओंडके तासतात, त्या ढलप्यांचा ढीग पडलेला असतो. मुकादम म्हणाला, न्या, जागा तरी मोकळी होईल. सुकीनं आणि शेजारच्या पोशीनं मिळून एकोणतीस भारे वाहिले.

राब झकास भाजला. पण गंमत अशी, की भाजताना सगळ्या पाड्यात लसणीचा वास सुटला. सुकी म्हणाली, "कोणाच्या घरी जेवण हाय नि आपल्याला आवतन नाय?" आम्ही पोट धरून हसलो. राख मऊ, पांढुरकी पडली आहे. थोडी खाचरात टाकली, थोडी वरकस माळावर नागलीला. दोन मडकी सुकीनं घरात ठेवली, उडदात मिसळायला आणि दात घासायला.

तू मातीचं कूळ ओळखणाऱ्या लोकांत बसतोस. सांग बघू, लाकडाला लसणीचा वास का यावा?

तुझा
भिका


रसायनशाळा, पुणे
२४ मे १९१२

ती. दाजींस रघूचा नमस्कार.

आपले पत्र वाचून आनंद झाला. येथे नागलीची भाकर मिळत नाही. तेवढे एक सोडल्यास माझे बरे चालले आहे. रोज निरनिराळ्या गावांची माती येते. ती वाळवून, चाळून तिच्यात वाळू किती, चिकण किती, लोह किती, चुना किती हे पाहावयाचे. आपल्या डोंगरातील तांबडी माती मी नळीत पाहिली तेव्हा घरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

लसणीच्या वासाचे मनावर घेऊ नये. ओल्या सालीला कधी कधी तसा वास येतो. मात्र राबाच्या वाफ्यातील मूठभर माती व मूठभर राख वेगवेगळ्या पुरचुंड्यांत बांधून मला पाठवावी. सहज पाहतो.

एक विनंती. शेठजींच्या वखारीविषयी पत्रांत पुन्हा काही लिहू नये. येथे पत्रे दुसऱ्यांच्याही हाती पडतात. पुढील वर्षी जव्हारास शेतकीच्या देखरेखीची नवी जागा निघणार आहे. शेठजी माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. म्हणजे मी गावी येईन, बहिणीच्या, आपल्या बायच्या हातचे खाईन. बायला सांगा, की भारे फार वाहू नयेत.

आपला
रघू


पाडा
२२ जून १९१२

रघू,

पुरचुंड्या पाठवल्या आहेत. माती काढायच्या आधी सुकीनं धरतरीला हात जोडले आणि म्हणाली, "माझ्या भावाला पाह्यची हाय, रागावू नको." ती तिसरी पुरचुंडीही बांधायला निघाली होती. ओढ्यापलीकडच्या तुमच्या जुन्या खोपटात, उंबऱ्याशी, तुझी नाळ पुरली आहे ना, तिथली माती. "तीबी तपास म्हणावं, पोऱ्या एवढा वाळला कशानं." तुझी आई गेली तेव्हा तू चार दिवसांचा आणि सुकी दहा वर्षांची. नाळ तिनंच पुरली, म्हणून ती जागा तिला देवळासारखी. मी म्हटलं, टपालाला वजन लागतं बाई, राहू दे. तर माझ्यावर फुगून बसली.

आता कामाचं. रोप उगवलं, पण विरळ. शेंडे पिवळे. शेजारच्या हिरीनं पालापाचोळा जाळून राब केला, तिचं रोप हिरवंगार आहे. बाकी त्या राखेला तोड नाही. उडदात एक किडा नाही! सुकी सगळ्या पाड्याला ओंजळ ओंजळ वाटते आहे. पोशी तर तिची दोन वर्षांची फागी आहे ना, तिचेही इवलेसे दात त्याच राखेनं घासते.

सुकीच्या तळव्यांना भेगा पडून कातडी जाड झाली आहे. हातांवर काळे ठिपके आलेत. चिखलाचं असेल. मळमळ होते म्हणते, पण बायका सांगतात वेगळंच, त्यामुळे मी आपला मनातल्या मनात पेढे वाटतो आहे.

तपासून लवकर कळव.

भिका


पुणे
९ जुलै १९१२

ती. दाजींस नमस्कार.

माती व राख दोन्ही पाहिली. माती थकलेली व आंबट आहे. पिढ्यान्‌पिढ्या राब भाजण्याची आपल्याकडील चाल याला कारण आहे, असे येथील जाणत्यांचे मत आहे. चुनखडी मिळाल्यास घालावी. राखेत काही दोष नाही.

तरीही उडीद शिजवण्यापूर्वी तीन पाण्यांनी धुऊन घ्यावे, आणि पाणी अंगणात न टाकता लांब टाकावे. स्वच्छतेच्या दृष्टीने सांगतो. दातांना बाभळीची काडी उत्तम.

बायच्या तब्येतीस जपावे. कामाची फार गर्दी आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो.

रघू


पाडा
२९ सप्टेंबर १९१२

रघू,

तुझं थोडक्यातलं पत्र मिळून अडीच महिने झाले. मी दोन पत्रं टाकली, त्यांना उत्तर नाही. हे तिसरं नीट वाच.

आमच्या खाचरातलं भात वाकलं नाही. बाहेर पडलेली लोंबी अजून सरळ उभी आहे, भाल्यासारखी. दाबून बघितली तर आत दाणा नाही. सगळं खाचर ताठ मानेनं उभं आहे आणि सगळं पोकळ. वरच्या माळावर नागली मात्र कणसांनी भरली आहे. राख दोन्हीकडे मीच टाकली, याच हातांनी.

हे मी सोसलं असतं. पण भादव्यात पोशीची फागी गेली. आठ दिवस उलट्या, मग अंग गार. त्याआधी पाड्यातली सातआठ माणसं आजारी पडली. सगळ्यांच्या तळव्यांना भेगा. सावळा भगतानं सुपात दाणे टाकून बघितले आणि म्हणाला, ज्या बाईनं घरोघर काही वाटलं तिच्याकडून हे आलं आहे. वाटलं कोणी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुकीला भुताळी म्हणतात, रघू. तिच्या पोटातलंही राहिलं नाही, तर म्हणतात स्वतःचं खाल्लं, मग पोशीचं खाल्लं.

काल ती पाणवठ्यावर गेली तर बायका हंडे उचलून निघून गेल्या. घरी येऊन मला म्हणाली, "रघ्याला लिवा. तो मातीचं खरं सांगंल. त्याचं वाचून दाखवा."

कापणी झाली की बैठक आहे. तुझ्या पाच ओळी पुरेत. राखेत काय आहे, एवढंच लिही. जव्हारचे मास्तर येऊन सगळ्यांपुढे वाचतील. पुण्याच्या शिक्क्याच्या कागदावर लिही, लोक मानतील. तुझ्या बहिणीचा जीव त्या पाच ओळींवर आहे.

भिका


पुणे
१४ ऑक्टोबर १९१२

ती. दाजींस नमस्कार.

पत्र वाचून फार वाईट वाटले. लोकांच्या अडाणीपणाला काय म्हणावे! परंतु शिक्क्याच्या कागदावर लिहिणे माझ्या अधिकारात नाही. शिवाय राखेत दोष नाही असे मी पूर्वीच कळवले आहे. आता निराळे लिहिले तर माझ्या शब्दाची किंमत राहणार नाही. जागेचा निकाल माघात लागेल. तोवर कोणताही गलबला होणे इष्ट नाही. बायला काही महिने लांब कुठेतरी पाहुणी म्हणून ठेवता आल्यास पाहावे. तिच्यासाठी लुगडे पाठवत आहे.

आपण भाताविषयी व नागलीविषयी लिहिले ते मात्र फार महत्त्वाचे आहे. लोंबी किती दिवस सरळ होती? खाचरात पाणी किती वीत होते? जमल्यास खाचरातील व माळावरील मातीच्या दोन पुरचुंड्या लगेच पाठवाव्यात.

रघू


पाडा
६ नोव्हेंबर १९१२

रघुनाथराव,

पुरचुंड्या पाठवत नाही.

बैठक झाली. सुकीला पाड्याबाहेर काढलं. माळावरच्या नागलीच्या खोपीत ती आणि मी राहतो आहोत. मारलं नाही, एवढेच उपकार समजा म्हणाले. तिच्या हातचं पाणी कोणी घेत नाही. तुमचं लुगडं आलं तेव्हा तिनं ते छातीशी धरलं आणि मला म्हणाली, "येतंच असंल त्याचं पत्तर मागून." तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. लाज वाटली. मला, तुमची.

आता ऐका. खोपीत आल्यावर शिल्लक उडीद शिजवायला काढले. तुमचा सल्ला आठवला. तोवर आम्ही कुठं ऐकला होता! एका पाण्यानं धुतले की झालं. त्या दिवशी सुकीला उठवत नव्हतं, म्हणून मीच बसलो धुवायला आणि पहिलं पाणी परातीत ठेवलं. आमची कोंबडी येऊन प्याली. संध्याकाळच्या आत ती मेली, आणि तिच्यामागून तिची चार पिल्लं.

मी परातीकडे बघत बसलो. दोष नाही म्हणणारा माणूस तीन पाण्यांनी धुवायला का सांगतो? पाणी लांब टाका का म्हणतो? दातांना काडी बरी, हे त्याला जुलैतच कसं सुचलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

मग मी वखारीत गेलो. कढईवर लहान्या काम करतो, म्हातारा, दोन्ही हात काळे पडलेले. त्याला विचारलं ती पांढरी भुकटी काय. तो म्हणाला, "सोमल. उंदराला घालतात तोच. आमाला नाकाला फडकं बांधायला लावतात. तुमाला कोणी बोल्लं नाय?" त्यानं माझ्याजवळची चिमूटभर राख निखाऱ्यावर टाकली. लसणीचा वास आला.

आम्हाला कोणी बोललं नाही, रघुनाथराव. ज्याला ठाऊक होतं तो आमचा होता.

आता एकच विचारतो. तुम्हाला कधी कळलं? तारीख सांगा.

भिका


पुणे
१७ नोव्हेंबर १९१२

दाजी,

हे पत्र वाचून जाळून टाका. बायची शपथ आहे तुम्हाला.

संशय मला तुमच्या पहिल्या पत्रातच आला. लसणीचा वास ही सोमलाची खूण येथे पहिल्या महिन्यात शिकवतात. राख आल्यावर मी एकट्याने परीक्षा केली. जस्त आणि तेजाबात ती घातली, निघालेली हवा पेटवली आणि ज्योतीवर थंड चिनी बशी धरली. बशीवर सोमलाचा काळा आरसा उमटला. इतका दाट की मी घाबरलो. ती तारीख २ जुलै.

मी तीन वेळा खरे पत्र लिहिले व फाडले. वखार शेठजींची, जागा शेठजींच्या शब्दावर. खाली मान घालून, उष्ट्या भाकरीवर मी शिकलो, दाजी. एवढा एक डोंगर चढलो की सगळ्यांचे पांग फेडीन, असे मनाला सांगत होतो. धुऊन घेतले तर फार अपाय होणार नाही, असे वाटले. फागीचे मला ठाऊक नव्हते. भुताळीचे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हा बोललो असतो तर आधी का नाही, असे विचारले असते.

निदान आता खरे सांगतो. तांबड्या मातीतील लोह सोमलाला धरून ठेवते. माळावर, कोरड्या जमिनीत, ते घट्ट धरते, म्हणून नागली वाचली. खाचरात पाणी उभे राहिले की मातीचा श्वास कोंडतो, लोहाची पकड सुटते, आणि सोमल पाण्यात उतरून मुळांत शिरतो. म्हणून भात पोकळ राहिले. हे कोणत्या पुस्तकात मला आढळले नाही, माझा तर्क आहे. सिद्ध झाला तर माझे नाव होईल. ती राख ओढ्याजवळ ठेवू नका. उंच, कोरड्या जागी खोल पुरा. नागलीही वेगळी ठेवा, कोंबडीला घालून पाहिल्याखेरीज खाऊ नका. त्या खाचरात काही वर्षे भात लावू नका.

बायला यातले काही सांगू नका. ती मला लहानपणी पाठीला बांधून भात लावायची. ती मला काय म्हणेल?

रघू


पाडा
१ डिसेंबर १९१२

रघुनाथराव,

पत्र जाळलं नाही.

ते घेऊन मी दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी सुकीला सगळं वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. ती नागली निवडत होती. हात थांबले नाहीत. वाचून झाल्यावर मी विचारलं, "पाड्यात वाचू का? तू सुटशील. तुझा भाऊ उघडा पडंल." तिनं हातातली नागली टोपलीत टाकली. मग म्हणाली, "पोशीला इचारा."

मी पोशीकडे गेलो. दारातूनच सांगितलं. तिनं एकच शब्द म्हटला, "वाचा."

काल सगळ्यांपुढे वाचलं. मास्तर आले नाहीत, मीच वाचलं, अडखळत. लहान्या वखारीतून आला होता, काम सोडून. तेव्हा त्याला उद्या कढईवर कोणी उभं करणार नाही. त्यानं निखाऱ्यावर राख टाकली. त्या वासानं सगळ्यांना मे महिना आठवला. सावळा भगत सूप काखेत मारून उठून गेला. पोशी आली, सुकीसमोर बसली आणि तिच्या हातून तांब्या घेऊन पाणी प्याली. दोघी रडल्या. मग एकेक करून सगळ्या बाया पाणी प्याल्या.

घराघरातली राख गोळा करून तुम्ही सांगितलंत तसं उंच, कोरड्या जागी पुरली. तुमचं शास्त्र खरं असेल. आमच्या उपयोगाला तेवढंच आलं. माझा मोठा राग शेठवर नाही. तो परका, त्याला आमची नावंही ठाऊक नाहीत. तुमच्या पत्राची नक्कल मास्तर करून देणार आहेत, ती घेऊन मी जव्हारला जातो आहे. तिथं कोण ऐकतं ते बघू. तुमच्या जागेचं काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारणारही नाही.

सगळे गेल्यावर सुकीनं मला ती तारीख पुन्हा विचारली. मी सांगितली, दोन जुलै. तिनं बोटांवर महिने मोजले. "म्हंजे तवा फागी खेळत व्हती," ती म्हणाली. "माझ्या अंगणात."

आज सकाळी ती एकटी ओढा ओलांडून गेली. तळव्यांच्या भेगांमुळे तिला नीट चालता येत नाही, तरी मला सोबत येऊ दिलं नाही. दुपारी आली ती पदरात पुरचुंडी बांधून. उंबऱ्यापाशी तिनं हातानंच खणलं असावं, नखं मातीनं भरली होती. तुमची नाळ जिथं पुरली होती तिथली माती आहे. लुगड्यात गुंडाळून पाठवत आहे. लुगड्याची घडी मोडलेली नाही.

ती सांगते तसंच लिहितो, तिच्या शब्दांत :

"ही तुझी माती, तुला परत. पाह्यची तं पाह्य. काय निघालं तं आमाला कळवू नको."

भिका